पेटी, वीज आणि परवानगी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला पत्र पाठविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी एखाद्या गाजलेल्या संपाचा इतिहास सांगावा. तीस वर्षे कारखान्याच्या फाटकाबाहेर बोलण्यात घालविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची? मी विषय कळविला तो असा : लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याची घरगुती पेटी व तिचा वीजपुरवठा, यांचा इतिहास. चिटणिसांनी फोन करून दोनदा खात्री करून घेतली. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो. तो मी निवडलेला नाही; जळका वास घेऊन तो माझ्या टेबलावर येऊन पडला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा युनियनच्या कार्यालयात आला. "काका, हे बघा," म्हणून त्याने खिशातून प्लास्टिकचा एक वितळलेला प्लग काढला आणि माझ्यासमोर ठेवला. हा मुलगा ठेकेदारामार्फत यंत्रांच्या सुट्या भागांचे त्रिमिती नकाशे काढतो. मजुरी नगावर, आणि संगणक ज्याचा त्याने आणावयाचा. त्याच्या लॅपटॉपला ते काम झेपेना. मोठा संगणक घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याने जुन्या बाजारातून एक ग्राफिक्स कार्ड आणले, भंगारातल्या संगणकाचा एसएमपीएस काढला, प्लायवुडची पेटी ठोकली आणि लॅपटॉपच्या बाजूच्या एका फटीतून सगळे जोडले. अकरा दिवस काम उत्तम चालले. बाराव्या दिवशी पेटीतून धूर निघाला. काम मुदतीत गेले नाही म्हणून ठेकेदाराने पैसे कापले, आणि ते परत मिळवून द्यावे म्हणून तो माझ्याकडे आला होता.

पैशांचे भांडण मला येते. पण प्लग का जळला हे कळल्याशिवाय भांडावयाचे कशाच्या जोरावर? मी नववीनंतर शाळा सोडलेला माणूस. इंग्रजी शिकलो तो वेतनकरार आणि स्थायी आदेश वाचून. तेव्हा शब्दकोश जवळ घेऊन बसण्याची मला सवय आहे. बसलो, आणि त्या प्लगामागे चाळीस वर्षांचा इतिहास निघाला.

ज्यांना या यंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा कसलेल्या फिटरसारखा असतो : कोणतेही काम द्या, एकामागून एक नीट करील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एका ठेक्यावर घमेली उचलणारे हजारो गडी. प्रत्येकाचे काम साधे, पण सगळे एकदम. चित्राचा प्रत्येक ठिपका वेगळा मोजावयाचा असतो, तेथे फिटर हरतो आणि गडी जिंकतात. मात्र हजार गड्यांना भाकरीही हजार लागतात. कार्डाची भाकरी म्हणजे वीज. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा बहुतेक इतिहास या भाकरीचाच आहे.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्याचे झाकण चार-दोन स्क्रू काढले की उघडत असे आणि आत पाच खाचा होत्या. ज्याला जे हवे ते कार्ड त्याने तेथे बसवावे. कंपनीने या यंत्राची तांत्रिक पुस्तिका विक्रीला ठेवली आणि तीत विद्युत्मंडलांचे नकाशे छापले होते. उदारपणा म्हणा की हिशेब म्हणा, पण मालकाने आपल्या यंत्राचा नकाशा गिऱ्हाइकाच्या हाती दिला, हे खरे. अडचण निराळीच निघाली. त्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटांचा होता. घरातला जुन्या धर्तीचा साधा पंखा याहून जास्त वीज खातो. खाचा पाच, पण पाच भुकेली कार्डे बसविली तर वीज पुरावयाची कशी? १९८३ साली एक्स्टी हे पुढचे यंत्र आले, त्याला १३० वॉट दिले होते. आणि त्याच सुमारास आयबीएमने ५१६१ क्रमांकाची एक जोडपेटी विकावयास काढली. आणखी खाचा, स्वतःचा वीजपुरवठा, आणि मूळ यंत्राकडे जाणारी एक जाड तार. म्हणजे बाहेरची पेटी आणि बाहेरची वीज ही कल्पना आजच्या मुलांनी काढलेली नाही. ती पीसीच्या लहानपणाचीच आहे.

पुढे लॅपटॉप आले आणि झाकण बंद झाले. यंत्र पातळ करावयाचे तर खाचा ठेवणार कोठे? हे कारण खोटे नव्हते. पण कारण खरे असले तरी त्याचा फायदा कोणाला झाला, हेही विचारावे लागते. ज्या यंत्रात काही घालता येत नाही ते यंत्र तीन वर्षांनी संपूर्णच बदलावे लागते.

मौज अशी की, दार बंद करताना एक फट राहून गेली. २००३ साली एक्स्प्रेसकार्ड नावाची खाच लॅपटॉपांसाठी ठरविण्यात आली. ती मोडेम, नेटवर्क असल्या किरकोळ कामांसाठी होती. परंतु तिच्या आतून जाणारी वाट होती पीसीआय एक्स्प्रेसची. म्हणजे मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड ज्या वाटेने बोलते तीच. फरक रुंदीचा. मोठ्या संगणकात कार्डासाठी सोळा वाटा शेजारी शेजारी असतात, येथे एकच. त्या काळच्या मापाने एका वाटेतून सेकंदाला २५० मेगाबाइट जात. कोठे सोळा गाळ्यांचा पूल आणि कोठे ओढ्यावरचा साकव! तरीही साकवावरून संसार चालतो, कारण चित्राचे सामान एकदा कार्डाच्या स्मृतीत नेऊन ठेवले की ते पुनःपुन्हा न्यावे लागत नाही. पुढे फक्त हुकूम जातात.

हे कंपन्यांना ठाऊक नव्हते असे नाही. २००७ साली आसूसने एक्स्प्रेसकार्डाला जोडावयाची ग्राफिक्सची पेटी प्रदर्शनात मांडली. २००८ साली एएमडीने एक्सजीपी नावाची योजना जाहीर केली आणि फुजित्सू सीमेन्सच्या अमिलो लॅपटॉपबरोबर तशी पेटी आली. पहिली सर्वसामान्य बाजारात रुजली नाही. दुसरीचा जोड सगळ्यांहून वेगळा असल्याने ती मोजक्या यंत्रांपुरतीच राहिली. एवढ्यावर हा विषय संपला असता.

तो संपला नाही याचे श्रेय ज्यांची नावे कोणत्याही पेटीवर छापलेली नाहीत अशा लोकांना आहे. २००९-१० च्या सुमारास तैवानच्या बीप्लस नावाच्या कंपनीकडून एक उघडी पट्टी मिळू लागली. एका बाजूला कार्डाची लांब खाच, दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेसकार्डात घुसणारे टोक, मध्ये तार. नुसती पट्टी. तिला घर नाही आणि पोटाला वीज नाही. घर आणि वीज ज्याची त्याने आणावी. ज्यांच्या लॅपटॉपला एक्स्प्रेसकार्डची खाच नव्हती त्यांनी तळाचे झाकण उघडून वायफायचे छोटे कार्ड उपटले आणि त्या जागी तार बसविली, कारण तेथेही तीच एकपदरी वाट होती. काही लॅपटॉपांत तर मालकाने यादी करून ठेवली होती : अमुक कार्डे चालतील, बाकीची दिसली तर यंत्र सुरूच व्हावयाचे नाही. आमच्याकडे फाटकावर पहारेकऱ्याजवळ अशी यादी असते, आणि तिच्यात कोणाची नावे असतात ते मला चांगले ठाऊक आहे.

यादीतून सुटले तर पुढे 'चूक क्रमांक १२' उभी. विंडोज म्हणे, या उपकरणाला पुरेशी साधने शिल्लक नाहीत. वस्तुतः स्मृतीच्या पत्त्यांत जागा होती; पण लॅपटॉपच्या मूळ नोंदवहीत ती चार गिगाबाइटच्या आतच शोधावयाची असे लिहिलेले होते. गोदाम अर्धे रिकामे आणि कारकून म्हणतो वहीत जागा नाही! लोकांनी ती नोंदवही उलगडली, तीत वरच्या जागेची ओळ भरली आणि परत बसविली. रात्री-बेरात्री, नोकऱ्या सांभाळून, फुकट. आणि कसे केले ते दुसऱ्याला सांगितले.

आता विजेकडे येतो. ग्राफिक्स कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळावेत असा नियम आहे. त्याहून जास्त भूक असेल तर कार्डाच्या पाठीवर वेगळे तोंड असते : सहा टोकांचे असेल तर आणखी ७५ वॉट, आठ टोकांचे असेल तर १५०. यातली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टांची. लॅपटॉपच्या फटीतून एवढी वीज मिळण्याची शक्यताच नाही. तेव्हा सगळ्यांची नजर साहजिकच जुन्या संगणकाच्या एसएमपीएसकडे गेली.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरविले. त्यात एक लहानसा बदल होता. पूर्वीच्या यंत्रांत कळ थेट मुख्य वीज तोडत असे. एटीएक्समध्ये कळीचे काम एका हिरव्या तारेकडे आले. ती तार काळ्या तारेला, म्हणजे शून्याला, लागली की सप्लाय जागा होतो. नाहीतर पंखासुद्धा हलत नाही. घरगुती कारागिरांनी यावर जो उपाय केला तो सगळ्या जगात एकच निघाला : कागद लावण्याची यू-क्लिप वाकवून तिची दोन टोके हिरव्या आणि काळ्या तारेच्या भोकांत खुपसावयाची. एका पैशाची क्लिप! पण ती निसटते, उघडी असते आणि काम भर रंगात असताना सप्लाय बंद पडतो. शहाण्यांनी पुढे तेथे डाग देऊन साधी कळ बसविली.

एसएमपीएस मोठा, आवाज करणारा, आणि त्याच्या डझनभर तारा निरुपयोगी. मग कोणाला तरी डेलच्या अगदी छोट्या ऑप्टिप्लेक्स संगणकांचा बाहेरचा ठोकळा आठवला. डीए-२ हे त्याचे नाव. कचेऱ्यांतून ते संगणक मोडीत निघत होते आणि ठोकळे भंगारात मिळत होते. वर लिहिलेले १२ व्होल्ट आणि १८ अँपियर. गुणाकार केला तर २१६ वॉट. पूर्ण बंद, मुकाट्याने चालणारा, कार्डाला हवी नेमकी तीच वीज देणारा. त्यालाही दोन टोके जोडल्याखेरीज जाग येत नसे, पण ती विद्या आता सर्वांना आली होती. कोणी एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राचा ठोकळा वापरला, तो २०३ वॉटांचा. कचेरीच्या कपाटातले आणि पोरांच्या खेळण्यातले टाकाऊ ठोकळे असे हजारो कामांना लागले.

लोक याला 'घरी केलेला वीजपुरवठा' म्हणतात, पण शहाण्या माणसाने तो मुळापासून घरी कधीच केला नाही. २३० व्होल्टांचे १२ व्होल्ट करणारे जे पोट एसएमपीएसच्या आत असते, तेथे सुमारे ३२५ व्होल्टांची एकदिश वीज धारित्रात साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तेथेच असते. कारागिरी होती ती त्या बंद डब्याच्या बाहेरची : योग्य डबा निवडणे, योग्य जाडीची तार घेणे, योग्य तोंड लावणे.

आणि येथेच आमच्या मुलाचा प्लग जळला. त्याच्या कार्डाला सहा टोकांचे तोंड होते, भूक ७५ वॉटांची. भंगारातल्या एसएमपीएसला तसे तोंड नव्हते. दुकानदाराने त्याला जोडतार दिली : एका बाजूला सहा टोके, दुसऱ्या बाजूला हार्डडिस्कला लावतात ते सॅटाचे चपटे तोंड. दिसावयास नीट, बसावयास घट्ट. आता हिशेब करा. सॅटाच्या तोंडात १२ व्होल्टांसाठी तीन बारीक टोके असतात, प्रत्येकाची सहनशक्ती दीड अँपियर. तीन टोकांचे साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॉट. मागणी ७५ ची आणि रस्ता ५४ चा. अकरा दिवस तो प्लग जादा पाळी करीत होता, आणि बाराव्या दिवशी त्याने काम सोडले. सप्लाय मोठा होता, तारा जाड होत्या. गळ्याशी एक तोंड लहान होते. मुलाने वॉट मोजले होते, पण सप्लायवर छापलेले. मधल्या तोंडाचे मोजावयाचे असतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ती जोडतार विकणाऱ्याने तर मुळीच नाही.

इकडे कंपन्यांच्या जगात काय चालले होते ते थोडक्यात पाहू. २०११ च्या फेब्रुवारीत इंटेलची थंडरबोल्ट नावाची जोडणी ॲपलच्या लॅपटॉपांवर आली. तीतही पीसीआय एक्स्प्रेस होतेच, आणि आता बाहेर, सर्वांसमोर, दहा गिगाबिटांच्या वेगाने. पण या जोडणीचे उपकरण विकावयाचे तर इंटेलचे प्रमाणपत्र लागे. २०१२ च्या जानेवारीत एमएसआय कंपनीने लास व्हेगासच्या प्रदर्शनात अशी ग्राफिक्स-पेटी दाखविली. ती विक्रीला आली नाही. मधल्या काळात घरगुती कारागिरांनी अकिटिओ कंपनीची दुसऱ्याच कामासाठी केलेली थंडरबोल्ट पेटी घेतली, तिचा ६० वॉटांचा ठोकळा बाजूला ठेवून तोच आपला डेलचा २१६ वॉटांचा लावला आणि लांब कार्ड मावेना म्हणून पुढचा पत्रा करवतीने कापला. २०१५ साली थंडरबोल्टची तिसरी आवृत्ती जाहीर झाली, ४० गिगाबिटांची, आणि २०१६ साली रेझर कंपनीची 'कोर' ही पेटी आली. किंमत ४९९ डॉलर, कार्ड वेगळे.

४९९ डॉलरमध्ये काय होते? एक पत्र्याची सुबक पेटी, ५०० वॉटांचा सप्लाय, एक मुद्रित पट्टी आणि प्रमाणपत्र. पेटी चांगली होती, खोटे का बोला. पण पाच-सहा वर्षे लोक जी वस्तू प्लायवुड आणि भंगारात करीत होते, तिच्यात आणि हिच्यात मोठा फरक होता तो परवानगीचा. परवानगी मिळताच 'चूक क्रमांक १२' ची कटकट नव्या यंत्रांत बहुतांशी ओसरली. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते सोपे झाले.

दिलेली परवानगी काढूनही घेता येते. ॲपलने २०१७ साली कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी अशा पेटीचा संच काढला, २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या प्रणालीत बाहेरच्या कार्डाला अधिकृत जागा दिली, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या चिपची यंत्रे आणली तेव्हा त्यांत ही सोय नव्हती. अडीच वर्षांची नोकरी, आणि कायम होण्याच्या आत घरी! ज्यांनी कंपनीवर विसंबून पेट्या घेतल्या त्यांच्या पेट्या जुन्या यंत्रांपुरत्या उरल्या.

पेटीबद्दल मात्र मला कंपन्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर ते अर्धवट होईल. घरगुती कारागीर विजेच्या बाबतीत जेवढे हुशार, तेवढेच पेटीच्या बाबतीत बेफिकीर. कित्येकांची कार्डे टेबलावर उघडीच चालत, शेजारी चहाचा कप. मी तरुणपणी पॉवर प्रेसवर होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याचे एकविसावे कलम सांगत असे की, यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालावे. आमच्या प्रेसला जाळी होती. पण मजुरी नगावर होती आणि जाळी खालीवर करण्यात नग कमी पडत, म्हणून ती आम्हीच तारेने वर बांधून ठेवीत असू. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या गड्याची दोन बोटे गेली. जाळी कोणी बांधली याची चौकशी झाली, नगाचा दर कोणी ठरविला याची झाली नाही. उघडे कार्ड पाहिले की मला ती बांधलेली जाळी दिसते. मुलगाही नगावरच काम करीत होता.

पेटी करणे सोपे नाही हेही खरे. दीडशे वॉटांचे कार्ड दीडशे वॉटांची उष्णता सोडते आणि प्लायवुड ती धरून ठेवते. मागच्या फटीतून गरम हवा बाहेर फेकणारी जुन्या धर्तीची कार्डे लहान पेटीत निभावतात. पंखे उघडे असलेली कार्डे तीच हवा पेटीत फिरवीत बसतात, त्यांना समोरून आणि वरून वाट द्यावी लागते. पत्र्याची पेटी करावी तर वेगळाच प्रश्न उभा राहतो : अर्थिंग. एसएमपीएसच्या आत गडबड शोषून घेणारी छोटी धारित्रे असतात, त्यांची गळती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावी अशी योजना असते. पिनेला जमीनच मिळाली नाही तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. हाताला मुंग्या येतात त्या याच. ती गळती थोडी असते, पण वाट शोधते : तुमच्या बोटातून, नाहीतर लॅपटॉपला जोडलेल्या तारेतून.

मुलाच्या कापलेल्या पैशांपैकी निम्मे मी परत मिळविले. ठेकेदाराशी बोलताना तो जळका प्लग टेबलावर ठेवला होता. ज्या कामाचे हत्यार कामगाराने स्वतः आणावयाचे त्या कामाची मुदत हत्यार मोडल्यावर कशी मोजावयाची, एवढाच माझा प्रश्न होता. उरलेले निम्मे अजून वादात आहेत. नवी पेटी आम्ही कार्यालयातच केली. सहा टोकांचे अस्सल तोंड असलेला सप्लाय आणला, जुन्या संगणकाचा पत्र्याचा सांगाडा अर्धा कापला, धारा कानशीने घासल्या, हिरव्या तारेला कळ बसविली, आणि रंग खरवडून पत्र्याला अर्थिंगचा स्क्रू आवळला.

आमचा वायरमन सभासद म्हणाला, "दादा, आधी सॉकेट तपासू." त्याने दिव्याच्या होल्डरच्या दोन तारा घेतल्या, एक फेजमध्ये आणि एक वरच्या जाड भोकात घातली. दिवा लागला नाही. सॉकेट उघडले. तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. ज्या खोलीत बसून मी तीस वर्षे कारखान्यांना अर्थिंगविषयी पत्रे लिहिली, त्या खोलीला अर्थिंग नव्हते. पुढच्या रविवारी कार्यालयामागे खड्डा खणला, जीआयचा पाइप उभा केला, मीठ आणि कोळसा थरांनी भरला, वर दोन बादल्या पाणी ओतले आणि तार आत आणली. संध्याकाळी वायरमनने पुन्हा त्या दोन तारा लावल्या. या वेळी दिवा लागला, आणि मग मुलाने पेटीची कळ दाबली.